चिलटांचं मडकं

आमच्या गावात वाघ मारलेला एक म्हातारा होता. पारावर त्याची जागा ठरलेली होती आणि येणारा-जाणारा त्याला रामराम घालून पुढं जायचा. वाघ एक होता, आणि म्हाताऱ्याच्या हातात बंदूक होती. मी बिनबंदुकीची, अठरा वर्षांची, डोक्यावरून पदर घेतलेली सून. आणि माझ्यापुढं चिलटं होती ती निजामाच्या सगळ्या फौजेहून एक-दोनच कमी. तरी मला पारावर कुणी बसवलं नाही. तेव्हा माझं मीच लिहून ठेवते.

आमचं गाव निजामाच्या मुलखातल्या कल्याणपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. घर शेतकऱ्याचं, खाऊन-पिऊन बरं. घरात आम्ही चौघं: सासूबाई, मामंजी म्हणजे सासरे, माझे मालक आणि मी. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण चुलीपुढं बसण्याचा मान अजून सासूबाईंचाच. मी भाकरी थापायची, त्यांनी भाजायची. मी भाजी चिरायची, त्यांनी फोडणी द्यायची. माझ्या हातच्या फोडणीला कसा वास येतो हे त्या घराला ठाऊकच नव्हतं.

त्या उन्हाळ्यात गुलबर्ग्याच्या नणंदेचं बाळंतपण आलं आणि सासूबाई निघाल्या. गाडीत बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"आखातीच्या आदल्या दिवशी येते. तवर चूल तुझी. पितरांचं पान औंदा तूच करायचं, तूच वाढायचं. नीट निभलं तर चूल कायमची तुला दिली. न्हाई निभलं तर अफजलपूरच्या वन्संना बोलावून घेते. त्या तर गाठोडं बांधूनच बसल्यात."

या वन्सं म्हणजे मामंजींची थोरली बहीण. घरात सगळे तिला मावळण म्हणत. आदल्या वर्षी ती चार दिवस राहायला आली होती आणि त्या चार दिवसांत तिनं मला मीठ चिमटीत कसं धरायचं ते शिकवलं. मीठ मी माहेरीही खाल्लं होतं, पण सांगते कुणाला! पाचव्या दिवशी ती गेली तेव्हा माझ्या बांगड्या ढिल्या होऊन कोपरापर्यंत सरकत होत्या. ती कायमची राहायला आली असती तर मी कंबरपट्टा गळ्यात घातला असता. म्हणजे बघा, मला काय जिंकायचं होतं आणि काय टाळायचं होतं.

आता आखातीचं सांगते. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडं आखाती म्हणतात. त्या दिवशी पितरांच्या नावानं नवी मडकी पाण्यानं भरून पूजायची, पान वाढायचं, पानावर आमरसाची वाटी ठेवायची. आणि ती वाटी ठेवल्याशिवाय घरात कुणी आंबा तोंडात घालायचा नाही. खायचा नाही, द्यायचा नाही, फेकायचा नाही. पहिला आंबा पितरांचा. आमच्या मळ्यात मामंजींच्या आजोबांनी लावलेलं एक झाड होतं, ते सगळ्यांच्या आधी पाडाला यायचं. आखातीला त्याचेच आंबे लागत.

सासूबाई सांगून गेल्या होत्या, "आठ-धा दिस राहिले की आढी घाल." आढी म्हणजे आंबे गवतात दडपून पिकायला ठेवायचे. मी काय केलं? सासूबाईंची गाडी वेशीबाहेर गेली आणि तिसऱ्या दिवशीच आढी घातली. म्हटलं, उशीर व्हायचा तो माझ्या हातून नको. बरं, घातली तीही कुठं, तर चुलीच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत. वर दुप्पट गवत, त्यावर पोती, पोत्यांवर जुनी वाकळ. बाळंतिणीलासुद्धा कुणी इतकं शेकलं नसेल. व्हायचं तेच झालं. आखातीला अजून सतरा दिवस आणि आंबे पिकून पिवळेधमक! वास असा सुटला की कल्याणच्या बाजाराला निघालेल्या गाड्यांचे बैल आमच्या दारात वळून उभे राहायचे.

खायचे तर नाहीत. द्यायचे नाहीत. फेकायचे तर मुळीच नाहीत. आंबे लिबलिबित झाले, फुटले, गवतातून रस झिरपायला लागला. आणि चिलटं आली.

पहिल्या दिवशी चार-दोन. दुसऱ्या दिवशी ओंजळभर. तिसऱ्या दिवशी मी सैपाकघराचं दार उघडलं तर आतून ढगच बाहेर आला, माझ्या अंगाला वळसा घालून परत आत गेला आणि जागेवर बसला. चुलीवर पातेलं दिसेना. डाळ शिजली का बघायला झाकण उचलावं, तर झाकण ठेवेपर्यंत डाळीला काळा तिळाचा थर. घरातली मांजर दोन दिवस डोळे चोळत बसली आणि मग शेजारी राहायला गेली. एकदा मी चिमणी लावली तर सगळ्यांनी मिळून पंख मारले आणि ती विझवली. खोटं वाटत असेल तर त्या मांजरीला विचारलं असतं, पण आता ती नाही.

मामंजींचे तर फारच हाल. त्यांना बोलायची हौस दांडगी. पण तोंड उघडलं की चिलट आत. दोन दिवस त्यांनी सगळा कारभार खुणांनी चालवला. गडी खुणा चुकीच्या वाचायचे. पेंड आणायला सांगितलं की पलंग आणायचे. शेवटी मामंजींनी तोंडाला उपरणं बांधलं आणि दरोडेखोरासारखे सोप्यात बसून बोलायला लागले.

"सूनबाई," उपरण्यातून आवाज आला, "ही चिलटं पितरांच्या वाटीत पडली तर?"

"पडू देत न्हाई, मामंजी."

"एक जरी पडलं तरी पान बाटतं. पुन्हा वाढता येत न्हाई. वरीसभर पितर उपाशी."

आणि मी आयुष्यभर मावळणीच्या हाताखाली. ते त्यांनी म्हटलं नाही, मला ऐकू आलं.

माझे मालक उर्दू चार इयत्ता शिकलेले. त्यांचा प्रत्येक गोष्टीत बंदोबस्त असायचा. ते म्हणाले, "फिकर करू नको. एका दिसात बंदोबस्त करतो." त्यांनी कडुलिंबाचा पाला पेटवला. धूर इतका झाला की शेजारची दोन घरं पाण्याच्या घागरी घेऊन विझवायला धावत आली. आम्ही सगळे अंगणात खोकत उभे. घटकाभरानं धूर ओसरला, आत गेलो तर चिलटं आरामात बसलेली. ज्यांना झोप लागली होती तीही उठली. मग मालकांनी कल्याणहून ऊद आणला. तो जाळल्यावर चिलटांना सुगंध आला, एवढंच.

"आता?" मी विचारलं.

"आता तू बघ," ते म्हणाले आणि मळ्यात गेले. बंदोबस्त संपला.

मग मी पदर खोचला आणि काम टाकून नुसती बघत बसले. शत्रूला ओळखायचं तर त्याचं जेवण बघावं लागतं. तेव्हा एक ध्यानात आलं. पाडव्याच्या पोळ्यांची गुळवणी एका बोळक्यात राहून गेली होती, ती आंबून फसफसली होती. आणि चिलटांची सगळ्यांत दाट पंगत तिथं होती. ताजा गूळ शेजारी उघडा, त्याच्याकडं ढुंकून बघत नव्हती. म्हणजे यांना गोड नको, आंबलेलं पाहिजे! मी मुद्दाम गूळ कालवून, चिंचेचा कोळ घालून दोन दिवस उन्हात ठेवला. मालक वास घेऊन घाबरले.

"आगं, काय करायलीस? आबकारीचा जवान आला तर म्हणंल घरात दारू गाळायलेत."

"येऊ द्या. त्यालाच प्यायला देते, वर चिलटं लावून."

पण चिलटं यायची, गुळवणीवर पाय न भिजवता चालायची, पोटभर पिऊन उडायची. मी वाढपी झाले होते. अशात एके सकाळी केस धुवायला रिठ्याचं पाणी काढून ठेवलं होतं. डोळ्यांपुढं चिलटं, हातात कुठलं भांडं ते कळलं नाही, आणि ते पाणी मी गुळवणीच्या बोळक्यात ओतलं. कपाळावर हात मारणार, तेवढ्यात बघते तर बसलेलं चिलट बुडालं. दुसरं बसलं, बुडालं. रिठ्यानं पाण्याची साय मोडली होती. पाय ठेवायला जागाच राहिली नाही! मी तशीच, अर्धे केस धुतलेली, अंगणात जाऊन ओरडले. मालकांना वाटलं साप निघाला.

तरी बसायच्या आधीच उडून जाणारी पुष्कळ. इथं माझं माहेर कामाला आलं. माहेर भीमेकाठचं. आमच्याकडचे कोळी मासे धरायला बांबूची टोपली लावतात. तिचं तोंड बाहेरून रुंद, आत अरुंद. मासा पाण्याच्या ओढीनं आत जातो आणि बाहेरची वाट त्याला सापडत नाही. मी पळसाचं पान घेतलं, त्याचा नाकाडासारखा टोकदार द्रोण वळला, टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पाडलं, आणि टोक खाली करून मडक्याच्या तोंडात घट्ट बसवला. आत रिठा घातलेली आंबट गुळवणी. चिलटं वासानं द्रोणात उतरायची, भोकातून आत जायची आणि मग गोल गोल फिरत बसायची. अशी सहा मडकी मांडली. संध्याकाळी पान काढून बघितलं तर मडक्यात पळी उभी राहत होती. मी मापानं मोजली: शेराला थोडी कमी. मालक म्हणाले, पावशेर. त्यांना काय कळतंय, ते धूर करणारे.

मी छाती काढून झोपले. सकाळी उठले, तर ढग परत तेवढाच.

दुसऱ्या दिवशी मडकी भरली, तिसऱ्या दिवशी भरली, ढग कमी होईना. आखातीला चार दिवस उरले. मी उंबऱ्यावर बसून पहिल्यांदा रडले. शेजारची अक्का, कानडी बोलणारी म्हातारी, जिच्याकडं आमची मांजर राहायला गेली होती, ती भिंतीवरून बघत होती.

"यव्वा, रडायलीस कामून? धरायलीस की छान."

"किती धरली तरी सरत न्हाईत, अक्का."

"कशी सरतील? तू हिकडं धरायलीस, तिकडं ती आंब्यात बाळंत व्हायलीत. तुझी सासू एका बाळंतपणाला गेली, तुझ्या आढीत रोज लाख व्हायलेत. आधी आंबे काढ."

खरं होतं. पण आंबे काढायचे तर मामंजींना विचारायला पाहिजे. मी सोप्यात गेले, खांबाआड उभी राहिले.

"मामंजी, ते नासलेले आंबे गायीला घालू?"

"गायीनं खाल्लं म्हंजे घरानं खाल्लं. न्हाई."

"उकिरड्यावर टाकू?"

उपरणं ताठ झालं. "पितरांचा आंबा उकिरड्यावर?"

"मग ते कुणाचे हाईत, मामंजी?"

"पितरांचे."

"म्हंजे ज्यांनी झाड लावलं त्यांचे?"

"व्हय. माझ्या आजाचे."

"मग त्यांचे त्यांना पोचते करते. झाडाच्या बुडाशी खड्डा काढून मातीआड ठेवते. कुणी खाल्ले न्हाईत, कुणाला दिले न्हाईत, फेकले न्हाईत. ज्याचं त्याच्या दारात."

मामंजींनी उपरणं खाली केलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "ही अक्कल तुला कुणी दिली?"

"तुमच्याच घरात आलीय."

ते हसले आणि एक चिलट गिळलं. पण परवानगी दिली.

त्याच दिवशी आम्ही गाडीभर चिखल झालेले आंबे मळ्यात नेऊन गाडले. गवत जाळलं. आढीची खोली शेणानं दोनदा सारवली, चुलीची भिंत, पाट्याखालची फट, पोत्यांचे कोपरे, सगळं गरम पाण्यानं धुतलं. नवे आंबे मी आखातीला नऊ दिवस असतानाच झाडावरून उतरवून मळ्यातल्या कोठ्यात घातले होते, चुलीपासून लांब, आणि रोज एकेक हातानं चाचपत होते. सैपाकघरात फक्त माझी सहा मडकी. पहिल्या दिवशी ढगाचं आभाळ झालं, दुसऱ्या दिवशी आभाळाचा धूर झाला, तिसऱ्या दिवशी मला माझी चूल दिसली. मी तिच्यापुढं बसले आणि फोडणी दिली. जिऱ्याचा वास! बारा-तेरा दिवसांत त्या घरात जिरं म्हणून जे टाकलं होतं त्यात अर्धं काय होतं ते मी मामंजींना आजन्म सांगितलं नाही.

ठरल्याप्रमाणे आखातीच्या आदल्या दिवशी सासूबाई आल्या. पाय धुतले आणि तडक सैपाकघरात. कोनाडे बघितले, झाकणं उचलली, पाटा उलटा केला. मी दाराशी उभी. त्यांचा चेहरा उतरला.

"औंदा आंबे आले न्हाईत?"

"आलेत की, आत्याबाई. उद्याला पिकून तयार हाईत." सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची.

"मग चिलटं कुठायत? तीस वर्षं ह्या चुलीपुढं बसले, चिलटाबिगर आखाती बघितली न्हाई. आंबा असता तर चिलट असतं."

मी आंबे आणून पुढं ठेवले. त्यांनी एक नाकाशी धरला, पुन्हा छताकडं बघितलं, पुन्हा आंब्याकडं. मी मडक्यांचं सांगितलं नाही. आढी कशी बिघडली तेही मग सांगावं लागलं असतं ना! पाच मडकी रिकामी करून पालथी घातली. सहावं मात्र ठेवलं. उद्या रस काढताना एखादं चुकार चिलट आलंच तर राखणीला असावं म्हणून देवाच्या कोपऱ्यात, पाटाच्या आड सरकवून ठेवलं.

आखातीचा दिवस. पान मी वाढलं. वरण, भात, पुरण, कुरडई, आणि मधोमध वाटीत रस, त्यावर तुपाची धार. पितरांची दोन नवी मडकी पाण्यानं भरलेली, तोंडावर पळसाचं पान. मामंजी सोवळ्यानं पूजेला बसले, सासूबाई शेजारी, मालक मागं. माझे डोळे वाटीवर. श्वाससुद्धा जपून घेत होते, न जाणो माझ्याच श्वासाबरोबर एखादं यायचं.

मामंजींनी पहिल्या मडक्याला गंध लावलं, फूल वाहिलं, पाणी सोडलं. दुसऱ्याला तसंच. मग बसायला जागा करावी म्हणून त्यांनी पाट थोडा सरकवला, आणि माझं सहावं मडकं उघडं पडलं. मातीचं, नवं, तोंडावर पळसाचं पान. मामंजींनी क्षणभरही विचार न करता त्याला गंध लावलं, फूल वाहिलं, अक्षता टाकल्या. पाणी सोडायला पळी उचलली आणि थांबले.

"हे तिसरं कुणाच्या नावाचं?"

पितरांच्या पूजेत चिलटांचं मडकं पुजलं गेलं होतं. आता पान वाढलं काय नि न वाढलं काय! मला अफजलपूरच्या रस्त्यावर गाठोडं घेऊन येणारी मावळण दिसायला लागली.

सासूबाई पुढं वाकल्या. द्रोणाच्या टोकाकडं बघितलं. त्यांना आंबट गुळवणीचा वास आला असणार. त्यांचं नाक म्हणजे काय सांगावं, तीन घरांपलीकडं करपलेली भाकरी कुठल्या ज्वारीची ते सांगायच्या. भोकातून एक चिलट आत उतरलं. त्यांनी ते बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग मडक्याकडं. सगळं कळलं त्यांना, तिथल्या तिथं.

"माझ्या सासूच्या नावाचं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तिला तिच्या नवऱ्याच्याच मडक्यात पाणी पाजलं. औंदा वेगळं मांड म्हणून मीच सांगून गेले होते हिला."

आईचं नाव घेऊन मामंजींनी पाणी सोडलं, डोळे पुसले आणि मडक्यापुढं डोकं टेकवलं. टेकवलं ते तसंच ठेवलं. कान मडक्याला लागला होता.

"आगं, आतून भुणभुण यायलीय."

"बोलत असतील," सासूबाई म्हणाल्या. "जित्तेपणी कुठं बोलू दिलं त्यांना?"

मालकांना मागं ठसका लागला. मी पदर तोंडात कोंबला. मामंजी मात्र हात जोडून त्या मडक्याला म्हणाले, "चुकलं, आई." आणि माझ्या हसण्याचं आत कुठंतरी रडू झालं.

रसाची वाटी तशीच होती, स्वच्छ, केशरी, चिलटाचा ठिपकाही नाही. पितर जेवले. मग आम्ही जेवलो. मामंजींनी रसाच्या अकरा वाट्या घेतल्या. मालक म्हणतात, सात.

दुपारी भांडी आवरताना सासूबाई सैपाकघरात आल्या. मी सगळं सांगितलं: आढी, भिंत, ढग, रिठा, कोळ्यांची टोपली, गाडलेले आंबे. त्यांनी ऐकून घेतलं. मग सहावं मडकं उचलून उजेडात धरलं, आत डोकावल्या.

"आणि मी तीस वर्षं पदरानं वारत बसले," म्हणाल्या. "रिठा किती घातलास?"

मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. त्या मला विचारत होत्या आणि मी त्यांना शिकवत होते. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा माझी उंची चार बोटं वाढली. चौकटीला डोकं लागायला लागलं, ते अजून लागतं.

पुढच्या चार उन्हाळ्यांत आमच्या पट्ट्यातल्या घराघरांत पळसाच्या नाकाडाची मडकी मांडलेली दिसायला लागली. हुमनाबादपर्यंत गेली असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणते. आमच्या घरी आखातीला तिसरं मडकंही तेव्हापासून मांडतात, खऱ्या पाण्याचं, आणि मामंजी होते तोवर त्याला कान लावून बसायचे.

मावळणीला सासूबाईंनी त्याच आठवड्यात कल्याणच्या टपालातून कार्ड धाडलं. लिहिलं मालकांनी, सांगितलं त्यांनी: इकडं सगळं बरं हाय, येण्याची तसदी घेऊ नये. मग त्या सैपाकघराशी आल्या. रोज ज्या पाटावर बसायच्या तो चुलीपुढं मांडलेला होता. त्यावर त्या बसल्या नाहीत. दाराशी, मी तीन वर्षं जिथं भाजी चिरत बसत होते तिथं टेकल्या, विळी पुढं ओढली, आणि वांग्याचं देठ काढत मला म्हणाल्या, "आज काय करायलीस?"